घरच्या सोलरचे 'जोड' तपासलेत का? छतापासून मीटरपर्यंत केबल जोडणीची सगळी माहिती

शिरवळ : प्रतिनिधी

शिरवळ, खंडाळा, लोणंद भागात आणि तिकडे पाटण, शिराळ्यापर्यंत घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं ३ किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. त्याच वर्षी पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली.

सोलर घेताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. पॅनेल कोणत्या कंपनीचं, किती वॅटचं, इन्व्हर्टरला वॉरंटी किती, अनुदान कधी जमा होणार, हे सगळं विचारतो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. पॅनेलपासून मीटरपर्यंत ज्या तारा येतात त्यांचे जोड कोण करणार आणि कशाने करणार?

पॅनेल आणि इन्व्हर्टर कारखान्यात तपासून येतात. जोड मात्र आपल्या गच्चीवर, उन्हात, घाईत होतो. घरच्या सोलरमध्ये आग लागण्याचं, शॉक बसण्याचं आणि यंत्रणा वारंवार बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा अशा कच्च्या जोडात सापडतं. म्हणून घरमालकाला याची माहिती असायला हवी. स्वतः जोड करण्यासाठी नव्हे, तर करणाऱ्याचं काम ओळखण्यासाठी.

गच्चीवर वीज किती असते?

हल्लीच्या ५४० ते ५५० वॅटच्या एका पॅनेलला साधारण ५० व्होल्ट दाब असतो. ३ किलोवॅटसाठी अशी सहा पॅनेल लागतात आणि ती एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडतात. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते. म्हणजे खाली इन्व्हर्टरकडे येणाऱ्या दोन तारांमध्ये ३०० व्होल्टपर्यंत डीसी वीज असते. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. थोडक्यात, गच्चीवरची तार घरातल्या तारेपेक्षा जास्त दाबाची आहे.

दुसरी गोष्ट, ही वीज बंद करता येत नाही. महावितरणची लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच असते. पण इन्व्हर्टर थांबला, मेन स्विच पाडला, तरी पॅनेलवर ऊन आहे तोवर पॅनेलपासून डीसी स्विचपर्यंतच्या तारेत दाब कायम राहतो. 'लाइट गेली आहे, आता हात लावायला हरकत नाही' हा घरातल्या वायरिंगचा हिशेब गच्चीवर चालत नाही.

डीसीची ठिणगी लवकर विझत नाही

घरातली वीज एसी असते. ती सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. स्विच बंद करताना ठिणगी पडली तरी वीज शून्यावर आली की ती विझते.

सोलरची वीज डीसी असते. ती एकाच दिशेने सलग वाहते, शून्यावर येतच नाही. जोड सैल झाला आणि तारांच्या टोकांत केसाएवढी फट पडली, तर त्या फटीतून ठिणगी सलग पेटत राहते. वेल्डिंग करताना जशी ज्योत धरली जाते तसाच हा प्रकार. तिथलं तापमान हजारो अंशांवर जातं. तांबं वितळतं, प्लॅस्टिक पेटतं. खाली पालापाचोळा, जुनी पोती किंवा कडब्याची गंज असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

याच कारणामुळे घरातला साधा एसी एमसीबी सोलरच्या डीसी बाजूला लावू नये. तिथे डीसीसाठीच बनवलेला आणि यंत्रणेच्या व्होल्टेजला पुरेल असा एमसीबी किंवा आयसोलेटर हवा. काही डीसी एमसीबींवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. ते उलटे जोडले तर पाडल्यावरही आतली ठिणगी विझेलच असं नाही.

एमसीबी पडत नाही, बिलातही दिसत नाही

'काही झालं तर एमसीबी पडेलच की' असं बरेच जण म्हणतात. घरात शॉर्टसर्किट झालं तर ते बरोबर आहे. डीपीकडून शेकडो अँपिअरचा लोट येतो आणि एमसीबी क्षणात पडतो.

पॅनेलचं तसं नसतं. ५४० वॅटचं पॅनेल नेहमीच्या कामात साधारण १३ अँपिअर देतं आणि दोन्ही तारा थेट चिकटवल्या तरी १४ अँपिअरच्या आसपासच देतं. जास्त देण्याची त्याच्यात ताकदच नाही. सैल जोडामुळे तर प्रवाह वाढत नाहीच, उलट थोडा कमी होतो. त्यामुळे एमसीबीला किंवा फ्यूजला काही बिघडलंय हे कळतच नाही.

याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या नव्या कनेक्टरचा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, अर्धा मिलिओहम किंवा त्याहून कमी असतो. त्यातून १३ अँपिअर गेले तर उष्णता होते ०.०८ वॅट. हाताला जाणवणारही नाही. तोच जोड कच्चा राहिला, आत ओल गेली, तांबं काळं पडलं आणि अडथळा ०.१ ओहम झाला, तर उष्णता होते जवळपास १७ वॅट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत रोज दुपारी छोटं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं झालं.

आता वीज किती वाया गेली ते बघा. १७ वॅट पाच तास धरले तर दिवसाला एक दशांश युनिटही होत नाही. ३ किलोवॅटची यंत्रणा दिवसाला साधारण १२ युनिट देते. त्यात एवढा फरक ना ॲपमध्ये दिसणार, ना बिलात. जोड महिनोन्‌महिने आतल्या आत भाजत राहतो आणि घरातल्या माणसाला सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटतं. म्हणून जोड पहिल्याच दिवशी नीट व्हावा लागतो आणि नंतर तो डोळ्यांनी बघावा लागतो. दुसरा राखणदार नाही.

एमसी-फोर कनेक्टर म्हणजे काय?

पॅनेलच्या मागून निघणाऱ्या दोन तारांच्या टोकाला काळे, लांबट, एकमेकांत 'टक्' करून बसणारे कनेक्टर असतात. त्यांना सगळे एमसी-फोर म्हणतात. मल्टी-कॉन्टॅक्ट या कंपनीच्या नावावरून एमसी, आणि आतली पिन ४ मिलिमीटर जाडीची म्हणून फोर. ही कंपनी आता स्टॉब्ली या नावाने ओळखली जाते. तिच्या नमुन्यासारखे कनेक्टर आज अनेक कंपन्या बनवतात.

सहा पॅनेलच्या यंत्रणेत पॅनेल-पॅनेलमधले पाच जोड कारखान्यातून आलेल्या कनेक्टरचेच असतात. ते फक्त एकमेकांत घट्ट बसवायचे असतात. खरी परीक्षा असते ती हाताने बनवलेल्या टोकांची. ओळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक, अशी दोन टोकं गच्चीवर तयार होतात, आणि खाली इन्व्हर्टरजवळ दोन. मध्ये डीसी डबा असेल तर त्यातले स्क्रूचे जोड वेगळे. म्हणजे नीट लक्ष द्यायची ठिकाणं मोजून सात-आठ असतात. घरमालकाने तेवढी ठिकाणं माहीत करून घेतली तरी पुष्कळ झालं.

कनेक्टरचं टोक कसं बनवतात?

१. सोलर केबल सरळ कापायची आणि टोकाचं आवरण साधारण ६ ते ८ मिलिमीटर सोलायचं. नेमकं माप कनेक्टरच्या कागदावर असतं. सोलताना तांब्याचे बारीक धागे तुटता कामा नयेत. ब्लेडने किंवा दाताने सोललं तर चार-दोन धागे जातातच. त्यासाठी वायर स्ट्रिपर वापरतात.

२. सगळे धागे धातूच्या पिनमध्ये घालायचे. एकही बाहेर राहू द्यायचा नाही.

३. पिन क्रिंपिंग टूलने दाबायची. या टूलला २.५, ४ आणि ६ स्क्वेअर एमएमसाठी वेगवेगळे खाचे असतात. दाब पूर्ण झाल्याशिवाय टूल सुटत नाही. पकडीने दाबलेली पिन वरून घट्ट दिसते, पण आत धाग्यांमध्ये हवा राहते. तिथूनच तापायला सुरुवात होते.

४. दाबलेली तार हाताने ओढून बघायची. निसटली तर ती वापरायची नाही, टोक कापून नवी पिन घ्यायची. एकदा दाबलेली पिन पुन्हा उघडून वापरत नाहीत.

५. पिन प्लॅस्टिकच्या घरात 'टक्' आवाज येईपर्यंत सरकवायची आणि हलकेच मागे ओढून अडकली आहे ना ते बघायचं. हा आवाज न आलेली पिन समोरच्या कनेक्टरने ढकलून मागे जाते. बाहेरून जोड बसलेला दिसतो, आत पिन जेमतेम टेकलेली असते.

६. मागची टोपी, म्हणजे नट, कनेक्टरच्या पान्यांनी आवळायचा. या नटामुळे आतलं रबर तारेला घट्ट धरतं आणि पाणी अडतं. नुसत्या बोटांनी आवळलेला नट पहिल्या पावसात पाणी घेतो. फार जोर लावला तर रबर चेपतं. केबल बारीक आणि कनेक्टर जाड केबलचा असेल तर कितीही आवळलं तरी फट राहते.

७. जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस आणि व्होल्टेज तपासायचं. कनेक्टरचा आकार किंवा तारेचा रंग बघून अंदाज बांधायचा नाही. उलटी तार इन्व्हर्टरला गेली तर इन्व्हर्टर जळू शकतो.

आणखी एक. पॅनेल आणून ठेवली आणि बसवायला महिना लागला, तर उघड्या कनेक्टरना टोप्या घालाव्यात. कनेक्टरची पाणी-धूळ अडवण्याची हमी तो पूर्ण जोडलेला असतानाच असते. उघडा पडला तर त्यात माती जाते, गांधीलमाशी घर करते, दवाचं पाणी शिरतं. असा कनेक्टर पुसून तसाच जोडला तर तो जन्मभर त्रास देतो.

दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण चालत नाहीत

वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर दिसायला जुळे भाऊ वाटतात. एकमेकांत बसतातही. पण आतल्या पिनची जाडी, स्प्रिंगचा दाब, धातूवरचा मुलामा आणि रबर यांत बारीक फरक असतो. नवं असताना चालतं. वर्षानुवर्षं रोज तापून-गार होऊन ती पकड सैल पडते. म्हणून जोडाचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पाकिटावर 'एमसी-फोरला चालेल' असं छापलेलं असणं म्हणजे खात्री नव्हे.

ही गफलत नेमकी कुठे होते तेही बघा. ओळीच्या दोन टोकांना पॅनेल कंपनीचा कनेक्टर असतो आणि खालून येणाऱ्या केबलला बसवणाऱ्याने बाजारातून आणलेला. तिथे दोन कंपन्यांची गाठ पडते. पॅनेलवर कोणता कनेक्टर आहे ते पॅनेलच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तोच आणायला सांगावा. इन्व्हर्टरच्या बाजूला जोडीचे कनेक्टर बहुतेक वेळा खोक्यातच येतात. तेच वापरावेत.

जर्मनीत लाखो घरांवर बऱ्याच वर्षांपासून सोलर आहे. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेने आगींचा अभ्यास केला. गंभीर नुकसान करणारी आग फक्त ०.००६ टक्के यंत्रणांमुळे लागल्याचं दिसलं. म्हणजे सोलर मुळात धोकादायक नाही, घाबरून जायचं कारण नाही. मात्र ज्या आगी लागल्या त्यांत बसवण्यातल्या चुका हे मोठं कारण होतं. उक्त्यावर घाईत काम करणाऱ्या नवख्या टोळ्या, खास टूलऐवजी पकडीने दाबलेले कनेक्टर आणि न जुळणारे कनेक्टर, अशी नेमकी कारणं त्या संस्थेने सांगितली आहेत. ती वाचली की जर्मनी फार लांब वाटत नाही.

केबल कोणती आणि कशी टाकावी?

डीसी बाजूला सोलरसाठीच बनवलेली केबल लागते. तिच्यात कल्हई केलेल्या तांब्याचे बारीक धागे असतात, वर दुहेरी आवरण असतं आणि ते ऊन सोसतं. भारतीय मानक आयएस १७२९३ हे अशाच केबलसाठी आहे. केबलवर ते छापलेलं आहे का बघावं. घरातली साधी वायर गच्चीवर टाकली तर उन्हाने आवरण तडकतं आणि तांबं उघडं पडतं.

घरगुती यंत्रणेला साधारणपणे ४ स्क्वेअर एमएम केबल पुरते. गच्ची ते इन्व्हर्टर २० मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते. तिचा अडथळा सुमारे ०.२ ओहम. १३ अँपिअरला अडीच-पावणेतीन व्होल्ट तारेत जातात, म्हणजे अडीचशे व्होल्टमध्ये एक टक्का. एवढं चालतं. अंतर फार जास्त असेल तर ६ स्क्वेअर एमएम घ्यावी.

टाकताना या गोष्टी पाळाव्यात.

• मध्ये जोड नको. केबल कमी पडली म्हणून पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं डीसी बाजूला अजिबात चालत नाही. टेप एका उन्हाळ्यात सुटते. लांबी आधीच मोजून अखंड केबल आणावी.

• कनेक्टर स्लॅबवर किंवा पत्र्यावर पडलेला नको. पाणी साचतं तिथे तो बुडतो. पॅनेलखाली, स्ट्रक्चरला बांधलेला आणि सावलीत असावा.

• तार लोंबकळती नको. वाऱ्याने ती रोज हलते आणि पत्र्याच्या धारेवर घासते. पत्र्याच्या घरांना याचा जास्त त्रास, कारण पत्रा दुपारी पसरतो, रात्री आकसतो. बांधायला उन्हात टिकणारे काळे टाय घ्यावेत. साधे पांढरे टाय ठिसूळ होऊन तुटतात.

• डब्यात किंवा इन्व्हर्टरमध्ये केबल खालच्या बाजूने आत घ्यावी आणि त्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी तारेवरून ओघळून त्या झोळाला टपकतं, आत जात नाही. महाबळेश्वर, जावळी, शिराळ्याकडच्या पावसात याचं महत्त्व लगेच कळतं.

• प्लस आणि मायनस तारा शेजारी-शेजारी आणाव्यात. दोन्ही वेगळ्या वाटेने आणून मोठा वेढा केला तर जवळपास वीज पडल्यावर त्या वेढ्यात जास्त दाब तयार होतो.

• गच्चीवरून खाली येणारी केबल पाइपातून आणावी आणि पाइपाची तोंडं बंद करावीत. उंदीर, घुशी, खारी आवरण कुरतडतात. डोंगराकडच्या गावांत माकडं तारा ओढतात.

डब्यातले स्क्रू आणि एसी बाजू

डीसी डबा, इन्व्हर्टर, एसी डबा आणि मीटर, इथे जोड स्क्रूखाली असतात. सोलर केबल बारीक धाग्यांची असल्याने ती थेट स्क्रूखाली दिली तर धागे पसरतात, काही तुटतात. टोकाला पिन लग दाबून मगच ती टर्मिनलमध्ये घालावी. आवरण टर्मिनलच्या आत अडकता कामा नये आणि उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये.

एसी बाजूकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होतं. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर दुपारी २३० व्होल्टला १३ अँपिअर देतो आणि तेही अकरापासून तीनपर्यंत जवळपास सलग. घरातली मिक्सर-इस्त्री थोडा वेळ चालते, मधे तारेला गार व्हायला वेळ मिळतो. इथे तसा वेळ नाही. जुन्या घरातला जो पिळाचा जोड वीस वर्षं पंखा-बल्बवर निभावला, तो सोलर आल्यावर तापू शकतो. म्हणून इन्व्हर्टरची एसी तार जुन्या बोर्डात मधेच न घुसवता वेगळ्या एसी डब्यातून मीटरकडे न्यावी.

ॲल्युमिनियमची आणि तांब्याची तार एकत्र पिळू नये. ओल लागली की त्या दोन धातूंच्या जोडात गंज धरतो आणि जोड सैल पडतो. त्यासाठी बायमेटलिक लग मिळतात, ते वापरावेत. मीटरच्या सीलबंद भागाला मात्र ग्राहकाने किंवा सोलरवाल्याने हात लावायचा नाही. ते काम महावितरणचं आहे.

शिरवळ एमआयडीसीमुळे इथे घराघरात एखादा इलेक्ट्रिशियन असतो. मोटार, थ्री-फेज, पॅनेल बोर्ड यांत तो तरबेज असतो. पण डीसीची टूल्स आणि डीसीचे नियम वेगळे आहेत. घरच्या माणसाने हौसेने गच्चीवरचा कनेक्टर कापला तर पॅनेलची वॉरंटीही अडचणीत येऊ शकते.

अर्थिंगचा जोडही जोडच असतो

पॅनेलची फ्रेम, स्ट्रक्चर, इन्व्हर्टर आणि वीज अटकाव कांडी यांना अर्थिंग लागतं. घरगुती कामात डीसी, एसी आणि वीज अटकाव कांडी अशी तीन वेगळी अर्थिंग देण्याची पद्धत आहे. पॅनेलची फ्रेम ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळली तर दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी-हिरवी भुकटी दिसते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कल्हईचा लग आणि स्टीलचा नट-बोल्ट वापरावा, आणि तो फ्रेमवरच्या अर्थिंगच्या खुणेच्या भोकातच बसवावा. दाते असलेला वॉशर फ्रेमवरचा थर खरवडून धातूला धातू भिडवतो.

बॅटरीवाल्या यंत्रणेत काळजी दुप्पट

वाडीवस्तीवर अजून १२ व्होल्ट बॅटरीची सोलर आहेत. व्होल्टेज कमी म्हणून धोका कमी, असा समज आहे. शॉकच्या बाबतीत ते खरं. पण त्याच कामाला १२ व्होल्टवर अँपिअर जास्त लागतात. १,००० वॅटचा लोड टाकला तर बॅटरीच्या तारेतून ८० ते ९० अँपिअर जातात. तिथे जोडाचा अडथळा ०.०१ ओहम असला तरी ६० वॅटच्या वर उष्णता होते. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली की हाच प्रकार सुरू झाला समजावं.

लग दाबूनच बसवावा, बोल्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काम करताना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवावी. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लालभडक होतो. पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बॅटरीच्या खोलीत हवा खेळती हवी.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, एक फेरी मारावी. कशालाही हात न लावता फक्त बघायचं.

• कनेक्टर एका बाजूला फुगलेला, पांढरट, पिवळट किंवा वितळलेला.
• डब्यावर किंवा स्क्रूजवळ तपकिरी-काळा डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास.
• डब्यातून 'चर्रर' किंवा 'चिर्रर' आवाज.
• टाय तुटून खाली आलेली तार, कुरतडलेलं आवरण, डब्यात मुंग्या, पाली किंवा पाणी.
• इन्व्हर्टर सकाळी दव असताना किंवा पावसात 'आयसोलेशन फॉल्ट' दाखवतो आणि ऊन पडल्यावर आपोआप सुरू होतो.

शेवटची खूण बहुतेक जण सोडून देतात, कारण 'नंतर चालू होतंय की'. खरं तर इन्व्हर्टर सांगत असतो की कुठेतरी केबलचं आवरण फाटलंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी जातंय आणि वीज फ्रेमकडे झिरपतेय. अशा वेळी स्ट्रक्चरला हात लावू नये आणि बसवणाऱ्याला लगेच बोलवावं.

तंत्रज्ञ आला की त्याने भर दुपारी यंत्रणा जोरात चालू असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने जोड तपासावेत. सगळे जोड सारखेच कोमट हवेत. एकच जोड शेजाऱ्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तो बदलायचा. कोरोनात घेतलेली ताप मोजायची गन यासाठी चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते.

कनेक्टर चालू असताना ओढू नये

पॅनेल धुताना किंवा स्लॅबची दुरुस्ती करताना कुणीतरी कनेक्टर सोडवायला जातो. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर हातातच ठिणगी पेटते. क्रम असा आहे: आधी एसी एमसीबी पाडून इन्व्हर्टर थांबवायचा, मग डीसी स्विच बंद करायचा, मग डीसीचा क्लॅम्प मीटर तारेला लावून प्रवाह शून्य असल्याची खात्री करायची आणि मगच पान्याने कनेक्टर सोडवायचा. एवढं करूनही टोकांवर व्होल्टेज असतंच. त्यामुळे हे काम तंत्रज्ञाचंच.

धूर किंवा आग दिसली तर पॅनेलवर, डब्यावर बादलीने पाणी मारू नये. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर एसी आणि डीसी स्विच पाडावेत, माणसं-जनावरं बाजूला करावीत आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून 'छतावर सोलर आहे' हे आवर्जून सांगावं. जवानांना ते माहीत असणं गरजेचं असतं.

सही करण्याआधी एवढं विचारा

१. डीसी केबल आयएस १७२९३ ची आहे का? छापलेलं दाखवा.
२. कनेक्टर पॅनेलवरच्याच कंपनीचे आहेत का?
३. क्रिंपिंग टूल कुठे आहे? काम सुरू करण्याआधी दाखवा.
४. डीसी डब्यात डीसीचाच एमसीबी आणि वीज-लाटेपासून वाचवणारा एसपीडी आहे का?
५. इन्व्हर्टरमध्ये ठिणगी ओळखून बंद होण्याची सोय आहे का? काही नव्या इन्व्हर्टरमध्ये ती असते.
६. मल्टिमीटरचे आकडे आणि अर्थिंगचं माप कागदावर लिहून देणार का?

काम चालू असताना मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवावा. पॅनेल एकदा बसली की मागचं काही दिसत नाही. पुढे वाद झाला तर तोच फोटो कामी येतो. सूर्यघर योजनेत नोंदणीकृत पुरवठादारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. जोड तपासून देणं हा त्या देखभालीचाच भाग आहे, उपकार नाही. महावितरणकडे तक्रारीसाठी १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री क्रमांक आहेत.

शेतात सौर कृषी पंप असणाऱ्यांनीही हीच यादी वापरावी. कनेक्टर तोच आणि डीसीही तीच. फरक इतकाच की शेतातली केबल उसाच्या पाचटाजवळून जाते.

क्रिंपिंग टूल, चांगले कनेक्टर, पिन लग आणि योग्य केबल यांचा जास्तीचा खर्च एकूण बिलात फार मोठा नसतो. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. जोडही तेवढाच टिकायला हवा. म्हणून उद्या सोलरवाला गच्चीवर चढला तर खाली चहा ठेवून त्याच्याबरोबर वर जावं आणि हातात पकड आहे की टूल, तेवढं आधी बघावं.